खिळ्यांचं शेत

पूर्व इंग्लंडात, नॉरफोक-सफोकच्या बाजूला, गव्हाची कापणी ऑगस्टात उरकते आणि पुढची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. मधले काही आठवडे शेत मोकळं असतं. मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पालथी घालणाऱ्यांचा हाच खरा हंगाम. त्यातही कापणी झाल्याझाल्या गेलं तर धसकटं आडवी येतात. कॉइल, म्हणजे यंत्राची जमिनीवरून फिरवायची तबकडी, त्यांच्यावर अडकत, उड्या मारत चालते आणि जमिनीपासून चार बोटं वरच राहते. नुकत्या नांगरलेल्या रानात ढेकळं इतकी मोठी असतात की कॉइल सपाट फिरतच नाही, आणि माती पोकळ असल्याने खोलीही कमी मिळते. सगळ्यात चांगलं रान म्हणजे नांगरून, कुळवून, वरून रूळ फिरवलेलं आणि एखादा पाऊस खाल्लेलं. माती ओलसर आणि दबलेली असेल तर यंत्राला खोलवरचं ऐकू येतं. असं रान वर्षातून आठ-दहा दिवस मिळालं तरी खूप, कारण शेतकऱ्याला पेरणीची घाई असते आणि ती असायलाच हवी.

शेतकऱ्यापासूनच सुरुवात करायची. इंग्लंडात मालक नसलेली जमीन नाही. रान मोकळं दिसतं म्हणून शिरलं तर तो अतिक्रम ठरतो, आणि तिथून उचललेली वस्तू घरी नेली तर चोरी. म्हणून आधी परवानगी, तीही लेखी. कोणत्या शेतात, कधीपर्यंत, आणि काही मौल्यवान निघालं तर वाटणी कशी, हे एका कागदावर उतरवून दोघांनी सह्या करायच्या. वाटणी बहुधा निम्मी-निम्मी असते. शेत कुळाने कसायला घेतलेलं असेल तर कुळाचाही होकार लागतो, हे नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर मालकाने हो म्हणूनही चालत नाही. १९७९च्या कायद्यानुसार तिथे ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या वारसा सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या लेखी संमतीशिवाय डिटेक्टर वापरणं हाच गुन्हा आहे, मग काही सापडो वा न सापडो.

यंत्राबद्दल गैरसमज फार. डिटेक्टरला सोनं ओळखता येत नाही. कॉइलच्या गोल तबकडीत तारेची दोन वेटोळी असतात. एकातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडतात, त्यामुळे खाली जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यात धातू आला की त्याच्या अंगात भोवरे प्रवाह उठतात, त्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र तयार होतं आणि दुसरं वेटोळं ते टिपतं. सोडलेल्या आणि परत आलेल्या लहरीत जो किंचित उशीर पडतो त्यावरून यंत्र एक आकडा दाखवतं आणि एक सूर काढतं. लोखंडाला खालचा घोगरा सूर, चांदीच्या जाड नाण्याला वरचा स्वच्छ. पण हा उशीर धातूच्या जातीइतकाच तुकड्याच्या आकारावर आणि जाडीवरही ठरतो. त्यामुळे सोन्याची लहान अंगठी, शीतपेयाच्या डब्याची उघडायची कडी आणि चुरगळलेली चांदी-कागदाची गोळी ही तिघं आकड्यांच्या पट्टीवर एकाच जागी येऊन बसतात. कडीचा आकडा बंद करून ठेवला तर दुपारभर कान निवांत राहतात. अंगठी मात्र मातीतच राहते.

परतणारा सूर अंतराबरोबर फार झपाट्याने मरतो. नाण्यासारख्या लहान वस्तूसाठी ही घट अंतराच्या जवळपास सहाव्या घाताने होते, म्हणजे अंतर दुप्पट झालं की सूर चौसष्टावा हिस्सा उरतो. २८ सेंटिमीटरच्या कॉइलने एकटं नाणं साधारण २० ते २५ सेंटिमीटर खोलीपर्यंत लागतं, तेही माती शांत असेल तर. चार मीटर खोल पुरलेले हंडे दाखवणारं यंत्र म्हणून जे काही विकलं जातं, ते घेण्याआधी हा सहावा घात आठवावा. आणि म्हणूनच कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, सपाट, झुल्याच्या दोन्ही टोकांना वर न उचलता फिरवायची. हात दमला की टोकाला कॉइल उचलली जाते. दांड्याची लांबी नीट बसवली नसेल तर ते तासाभरात सुरू होतं आणि संध्याकाळी खांदाही धरतो.

सुरुवातीची पाच मिनिटं घाई केली तर दिवस फुकट जातो. कॉइलची वायर दांड्याभोवती घट्ट गुंडाळलेली हवी. ती लोंबकळली की प्रत्येक झोक्याला खोटा आवाज येतो, आणि माणूस तो आवाज खणत बसतो. कॉइलच्या प्लॅस्टिकच्या झाकणात ओली माती साचली तरी तेच. पायात पोलादी टोपीचे बूट नकोत. मोबाइल यंत्रापासून लांबच्या खिशात ठेवायचा. मग स्वच्छ जागा बघून कॉइल हातभर उंचीवरून जमिनीलगतपर्यंत चार-पाच वेळा वर-खाली करायची आणि यंत्राला मातीचा स्वतःचा आवाज शिकवायचा. याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. जमिनीत चुंबकीय खनिजं असतातच. त्यांचा सूर वजा केला नाही तर यंत्र सतत कुरकुरतं. शेजारून विजेच्या तारा जात असतील, गुरांसाठी विजेचं कुंपण असेल, तर ठरावीक अंतराने टक-टक ऐकू येते. अशा वेळी वारंवारिता बदलायची, तरीही नाही थांबलं तर संवेदनशीलता दोन पायऱ्या उतरवायची. ती शेवटपर्यंत चढवून ठेवणं ही सर्रास दिसणारी खोड. त्याने खोली वाढत नाही, कलकलाट वाढतो.

आता थोडा हिशेब. एका झोक्यात दीड मीटर रुंदीची पट्टी निघते, त्याला दोन सेकंद लागतात, आणि आधीच्या झोक्यावर निम्मी कॉइल चढवत गेलं तर माणूस १४ सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणजे तासाला सुमारे ३८० चौरस मीटर. न थांबता, एकही खड्डा न खणता आठ तास चाललं तरी जेमतेम ३० गुंठे. एक हेक्टर नीट ऐकायला २६ तास हवेत. प्रत्येक खड्डा दोन-तीन मिनिटं खातो, ते वेगळंच. तरीही लोक दहा हेक्टरांच्या शेतात नागमोडी भटकतात आणि चार वाजता ‘या शेतात काही नाही’ असं सांगतात. त्यांनी ऐकलेलं असतं शेताच्या काही टक्क्यांएवढंच. जुन्या हातांची रीत निराळी असते. आधी शेत तिरकं, रुंद ओळींनी पार करायचं आणि फक्त कान उघडे ठेवायचे. कुठे आवाज दाटतो ते बघायचं, मग तो तुकडा धरून दोरी लावल्यासारख्या सरळ ओळी काढायच्या आणि नंतर त्याच तुकड्यावर काटकोनात पुन्हा.

आवाज दाटतो तो लोखंडाचा. इथेच हौशी माणसाची परीक्षा असते. नवशिका पहिल्या दिवशी यंत्रावर लोखंडाचा सूर बंद करून टाकतो, कारण खिळे कोणाला हवेत? पण ओसाड शेताच्या मध्यावर दोन-तीन गुंठ्यांत खिळेच खिळे लागत असतील तर तिथे कधीतरी छप्पर होतं. रोमन काळातलं घर असो की मध्ययुगातली वाडी, लाकूड कुजून जातं, दगड पुढच्या पिढ्या उचलून नेतात, खिळे मागे राहतात. लोखंड ऐकणाऱ्याला शेताचा नकाशा दिसतो, आणि ते बंद करणाऱ्याला सुटी नाणी मिळतात, मिळाली तर. दुसरं कारण तांत्रिक आहे. खिळ्याला खेटून चांदीचं नाणं पडलेलं असेल तर यंत्र खिळ्याचा सूर गिळता गिळता नाण्याचाही गिळून टाकतं. खिळ्यांच्या गर्दीत म्हणून लहान कॉइल लावायची, १५ सेंटिमीटरच्या आसपासची, आणि झोका अगदी सावकाश. खोली थोडी जाते, पण दोन शेजारी वेगळे ऐकू येतात.

लोखंड फसवतंही. वाकडा खिळा, नालाचा तुकडा, चपटी पट्टी कधीकधी चांदीसारखा उंच सूर काढतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. जागेवर उभं राहून काटकोनात वळायचं आणि पुन्हा कॉइल फिरवायची. नाणं दोन्ही दिशांनी सारखंच बोलतं, खिळा एका बाजूने गातो आणि दुसऱ्या बाजूने घोगरतो. पिनपॉइंट मोडमध्ये, म्हणजे वस्तूची नेमकी जागा दाखवणाऱ्या सेटिंगवर, आवाजाची जागा वीतभर सरकली तरी बहुधा लोखंडच. कोक मात्र या युक्तीलाही दाद देत नाही. कोळशापासून केलेले हे हलके, सच्छिद्र करडे खडे वाफेच्या इंजिनांच्या काळापासून इंग्लिश शेतांत विखुरलेले आहेत. ते वीज वाहून नेतात, त्यामुळे यंत्र त्यांना धातू समजतं.

खणणं म्हणजे खड्डा पाडणं नव्हे. आवाजाच्या मध्यापासून १०-१५ सेंटिमीटर मागे फावडं रोवायचं, म्हणजे पातं वस्तूवर पडत नाही. मऊ चांदीवर फावड्याचा एक ओरखडा म्हणजे सातशे वर्षं टिकलेल्या नाण्याची पाच सेकंदांत वाट. ढेकूळ उचलून बाजूला ठेवायचं आणि कॉइल आधी खड्ड्यावर, मग ढेकळावर फिरवायची. वस्तू कशात आहे ते कळलं की हातात घ्यायचा पिनपॉइंटर, म्हणजे जवळचंच ऐकणारा कांडीसारखा लहान डिटेक्टर. ढेकळाचे निम्मे-निम्मे भाग करत जायचं. वस्तू मिळाल्यावर खड्डा पुन्हा तपासायचा. एकाखाली दुसरी असते, आणि वरची काढल्यावरच खालची बोलते. गवताळ कुरणात रीत वेगळी. नालाच्या आकारात तीन बाजूंनी कापायचं, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवून गवताचा गालिचा उलटायचा आणि काम झालं की परत बसवून पायाने दाबायचा. कोरड्या उन्हाळ्यात हे करूच नये, कारण कापलेलं गवत आठवड्यात पिवळं पडतं, आणि पुढची परवानगी मागणाऱ्या प्रत्येकाला शेतकरी ते पिवळे ठिपके दाखवतो. नांगराचा तास २०-३० सेंटिमीटर जातो. तेवढी माती पिढ्यान्‌पिढ्या उलथलेलीच असते, तिच्यातली वस्तू आधीच जागेवरून हललेली असते. त्याखालची अस्पर्श माती रंगाने वेगळी आणि घट्ट लागते. आवाज तिथून येत असेल तर फावडं थांबायला हवं.

दिवसभरात निघतं काय? बंदुकीच्या काडतुसांचे पितळी बूड, शिशाच्या गोळ्या, पितळी गुंड्या, बकलं, मळणीयंत्राचे भाग, आणि तिसऱ्या जॉर्जच्या काळातली तांब्याची नाणी, इतकी झिजलेली की राजाचं तोंड कोणत्या बाजूला होतं तेही कळू नये. गवत कापण्याच्या यंत्राखाली येऊन चिंधड्या झालेले अॅल्युमिनियमचे डबे. हल्ली काही शेतांवर नगरपालिकांचं कंपोस्ट पसरतात, त्यातून शहरभराचा पत्रा आणि तारा येतात. असं शेत डिटेक्टरसाठी कायमचं मेलं म्हणायचं. एवढ्या गुंड्या आणि नाणी माणसं शेतात सांडत होती का, असा प्रश्न पडतो. त्याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर असं की जुन्या गावा-शहरांतल्या संडासांचा मैला आणि उकिरडे गाड्या भरून शेतांत खत म्हणून येत, आणि उकिरड्यात पडलेलं सगळं त्याबरोबर. सफोकच्या शेतात मिळालेली गुंडी म्हणूनच सफोकच्याच कोटाची असेल असं नाही.

भाग्य असेल तर नखाएवढा पातळ, पाचर आकाराचा चांदीचा तुकडा. हा चोरट्यांनी कापलेला नसतो. इंग्लंडात १२४७ पासून पेनीच्या मागच्या बाजूचा क्रॉस थेट कडेपर्यंत ओढू लागले. सुट्या पैशांसाठी लोक त्या रेषांवरूनच नाणं कापत, निम्मं म्हणजे हाफपेनी, पाव म्हणजे फार्दिंग. पहिल्या एडवर्डने १२७९-८० मध्ये गोल हाफपेनी आणि फार्दिंग पाडल्यावर ही कापाकापी थांबली. अख्खी पेनी १.४ ग्रॅमची, तिचा पाव तुकडा गुंजेच्या तीनपट वजनाचा. असा तुकडा जिभेवर ओला करून, बोटाने चोळून बघण्याचा मोह आवरावा. चिकटलेल्या मातीत वाळूचे कण असतात आणि चांदी मऊ असते. साध्या पाण्यात धुवायचं, चोळायचं नाही, टिपकागदावर वाळवायचं. तांब्या-कांशाच्या वस्तूंना पाणीही जपूनच. हिरवा गुळगुळीत थर म्हणजेच वस्तूचा शिल्लक पृष्ठभाग असतो, लिंबू-चिंच लावून तो उतरवला की खाली खडबडीत धातू उरतो आणि अक्षरं गेलेली असतात. आपल्याकडे देवाची भांडी घासायची सवय असलेल्यांना हे जड जातं.

वस्तू खिशात टाकण्याआधी एक काम असतं, आणि ते चुकलं तर बाकी सगळं वाया. जागा लिहून ठेवायची. ब्रिटनच्या राष्ट्रीय ग्रिडमध्ये सहा आकडी संदर्भ म्हणजे १०० मीटरचा चौकोन, आठ आकडी म्हणजे १० मीटरचा आणि दहा आकडी म्हणजे १ मीटरचा. हातातल्या जीपीएसवर तो आकडा वाचायचा, लहान प्लॅस्टिकच्या पिशवीवर लिहायचा, वस्तू त्यात. सगळ्या वस्तू एकाच पिशवीत टाकून रात्री टेबलावर ओतल्या की कुठली कुठे मिळाली ते कोणालाच सांगता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ आहे, १९९७ मध्ये काही भागांत सुरू झालेली आणि २००३ पासून सगळीकडे पोचलेली. प्रत्येक भागात नेमलेला अधिकारी लोकांनी आणलेल्या वस्तू बघतो, मोजतो, फोटो काढतो आणि परत देतो. तिच्या खुल्या कोशात पंधरा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. एक घासलेलं रोमन नाणं बाजारात कोणी हाताळणार नाही, पण एकाच शेतातली अशी पन्नास नाणी नकाशावर आली की तिथे विसरलेली बाजारपेठ किंवा देवस्थान असल्याची शंका घेता येते.

हे सहज जमलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अभियंता युझेफ कोसात्स्कीने भूसुरुंग शोधायचं हलकं यंत्र बनवलं, १९४२ मध्ये इजिप्तमधल्या एल अलामीनच्या वाळवंटात ते वापरलं गेलं. ट्रान्झिस्टर आल्यावर अशी यंत्रं स्वस्त झाली आणि १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये हौशींची झुंबड उडाली. पुरातत्त्वज्ञ इतके चिडले की १९८० मध्ये त्यांनी या छंदाविरुद्ध मोहीमच उघडली. नॉरफोकमधल्या संग्रहालयाच्या लोकांनी मात्र भांडण्याऐवजी डिटेक्टरवाल्यांना बोलावून वस्तू दाखवा म्हटलं, आणि पुढे तीच वाट देशभर घेतली गेली.

१६ नोव्हेंबर १९९२ रोजी सफोकमधल्या हॉक्सन गावात एरिक लॉज नावाचे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी लागली. काही काढल्यावर त्यांनी खणणं थांबवून कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उरलेला ठेवा मातीसकट उचलला. जवळपास १५००० रोमन नाणी, दागिने, चमचे. आणि ते सारं एका लाकडी पेटीत नीट रचून ठेवलेलं होतं, हे बिजागऱ्यांच्या आणि कुलपांच्या जागांवरून कळलं. पेटीचं लाकूड तर कधीच कुजलं होतं. लॉजनी स्वतःच सगळं उपसलं असतं तर नाणी तेवढीच मिळाली असती, पेटी मिळाली नसती. त्यांना १७ लाख ५० हजार पौंडांचं बक्षीस मिळालं, ते त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला, तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

उलट उदाहरण हेरफर्डशरचं. २०१५ मध्ये लेमस्टरजवळ दोघांना वायकिंग काळातला ठेवा मिळाला. त्यांनी तो लपवून विकायला काढला. सुमारे ३०० नाणी होती असं मानतात. हाती लागली ती तीसच्या आसपास. त्यांत वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि शेजारच्या मर्सियाचा राजा केओलवुल्फ दोघं शेजारी बसलेले दाखवणारी दुर्मीळ नाणीही आहेत, म्हणजे ज्याला आल्फ्रेडच्या बाजूच्या इतिवृत्तकारांनी मूर्ख सरदार म्हणून उडवून लावलं तो कधीकाळी बरोबरीचा सोबती होता. आणखी काय कळलं असतं ते गेलं. २०१९ मध्ये दोघांना कैद झाली.

कायदा तसा सोपा आहे. १९९६च्या ट्रेझर अॅक्टनुसार ३०० वर्षांहून जुनी, किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू ठेवा ठरते. नाणी असतील तर एकाच ठेव्यातली किमान दोन हवीत. सुटं एक नाणं ठेवा नाही. २०२३ पासून २०० वर्षांहून जुन्या, विशेष महत्त्वाच्या वस्तूही त्यात धरल्या. शोधल्यापासून १४ दिवसांत कोरोनरला कळवायचं. मुंबईतही एकेकाळी कोरोनर होता, पण तो फक्त मृत्यूंची चौकशी करायचा. इंग्लंडातला मृत्यूंचीही करतो आणि ठेव्यांचीही.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. १८७८चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला लेखी कळवायचं, ठेवा नेमका कुठे आणि कधी मिळाला त्यासकट. दहा रुपये ही मर्यादा दीडशे वर्षांत हललेली नाही. संरक्षित स्मारकात परवान्याशिवाय खणायला बंदी आहे. पण सापडलेली सुटी वस्तू आणून दाखवावी आणि नोंद करून परत घ्यावी, अशी इंग्लंडसारखी खिडकी इथे नाही. त्यामुळे दोनच गोष्टी घडतात. वस्तू गुपचूप सोनाराकडे जाते किंवा अफवा उठते. मार्च २०२५ मध्ये एक हिंदी चित्रपट बघून असीरगडाजवळच्या शेतांत माणसं रात्री टॉर्च, चाळण्या आणि डिटेक्टर घेऊन मोगलांचं सोनं खणत होती. अंधारात, बिनपरवानगी.

त्यांना यंत्राने फार मदत केली नसावी. दख्खनच्या बेसाल्टमध्ये आणि त्यातून झालेल्या काळ्या मातीत मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, कोकणच्या जांभ्यात लोह, रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे लोहाचंच एक खनिज. अशा जमिनीत इंग्लंडातली खोली मिळत नाही, आकडे भरकटतात, आणि ग्राउंड बॅलन्स दर पन्नास पावलांनी पुन्हा करावा लागतो. स्वतःच्या वावरात तुटलेला कुळवाचा फाळ किंवा शेतात पडलेली अंगठी शोधायला मात्र डिटेक्टर इथेही उपयोगी आहे.

आणि वावरात यंत्राशिवायही शिवराई निघते, पावसाने माती धुतल्यावर, नांगरताना. ती हाती आली तर घासू नये. गट नंबर, बांधापासूनचं अंतर, खोली, आजूबाजूला खापरं-विटा होत्या का, हे त्याच दिवशी लिहून ठेवावं, जागेचा फोटो काढावा. एकाऐवजी पाच-दहा निघाली तर खणणं थांबवून तहसीलदारामार्फत कलेक्टरला कळवावं. राज्याचं पुरातत्त्व संचालनालय मुंबईत आहे, तिथेही पत्र टाकावं. खिळे निघाले तर तेही लिहावेत.